बरोबर : युद्धखेळातील वास्तव आणि समतोल

युद्ध हे समतोल बिघडवण्याचे शास्त्र आहे. खेळ मात्र समतोल राखल्यावाचून उभाच राहू शकत नाही. सेनापतीचे सारे कसब शत्रूला बरोबरीची संधी न देण्यात असते. रात्रीचा छापा, रसद तोडणे, उंचवटा आधी धरणे, दुप्पट फौज आणून निम्म्या फौजेवर घालणे, या सगळ्याला आपण युद्धकला म्हणतो. हेच कबड्डीच्या मैदानावर कोणी केले, सातांविरुद्ध चौदा गडी उतरवले, तर त्याला लबाडी म्हणतो. तेव्हा 'युद्धखेळ' हा सामासिक शब्द आपल्या दोन पदांमधले भांडण घेऊनच जन्माला आलेला आहे. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या लढायांच्या डावपेची खेळांत हे भांडण रोजच्या व्यवहारातले झाले आहे. एक खेळाडू म्हणतो, 'हे खरे वाटत नाही'. दुसरा म्हणतो, 'हे न्याय्य नाही'. खेळ रचणारा या दोन तक्रारींच्या मध्ये सापडलेला असतो, आणि पहिली दूर करायला जावे तर दुसरी वाढते, हा त्याचा नेहमीचा अनुभव.

मराठी समीक्षेच्या वाचकाला हे भांडण अनोळखी वाटू नये. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधल्या ज्या ताणाची चिकित्सा केली, त्याचीच ही एक आवृत्ती आहे. 'खरे वाटत नाही' ही लौकिकतावाद्याची तक्रार आहे. कलाकृतीने बाहेरच्या जगाशी इमान राखावे, अशी तिच्यामागची अपेक्षा. 'न्याय्य नाही' ही तक्रार कलाकृतीच्या अंतर्गत नियमांकडे बोट दाखवते. आतला व्यवहार आतल्याच नियमांनी तोलला जावा, बाहेरच्या जगाने त्यात ढवळाढवळ करू नये, असे तिला म्हणायचे असते. कादंबरीच्या बाबतीत हे दोन ध्रुव दोन समीक्षकांनी वाटून घेतलेले असतात. युद्धखेळात ते एकाच खेळाडूच्या डोक्यात, एकाच संध्याकाळी आळीपाळीने जागे होतात. जिंकताना त्याला वास्तव हवे असते आणि हरताना न्याय. हा विनोद बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो : ज्या युद्धात माणसे मेली, त्या युद्धाचा 'न्याय्य' खेळ करणे म्हणजे नेमके काय करणे?

थोडे मागे जाऊन पाहू. आपल्या बुद्धिबळात हत्ती, उंट, घोडा, वजीर आणि प्यादी आहेत. नावे सगळी फौजेची. पण तो खेळ पाहून कोणाला रणभूमी आठवत नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, पट सपाट, सगळे उघड्यावर. पहिल्या चालीचा लाभ सोडला तर समतोल पूर्ण आहे आणि वास्तव जवळपास नाहीसे झालेले आहे. याच्या उलट टोकाला प्रशियाच्या सैन्यातला 'क्रीग्सश्पील' उभा आहे. धाकट्या राइसवित्स याने १८२४ मध्ये त्याची नियमावली सिद्ध केली. खरे नकाशे, तोफेच्या पल्ल्याची कोष्टके, अनिश्चिततेसाठी फासे, आणि दोन्ही खेळाडूंच्या मध्ये बसलेला एक पंच. खेळाडूला दिसते ते फक्त पंच सांगेल तेवढेच. पुढे १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्नुआ याने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच सारे सोपवावे असा पक्ष मांडला. या खेळात समतोल कोणी मागितलाच नाही. अधिकाऱ्याला शिकवायचे होते, आणि त्याच्यावर उद्या येणारी वेळ बरोबरीची असेल अशी हमी कोणी देऊ शकत नव्हते. विषम डाव हाच तिथला धडा होता. सरावाला न्यायाची गरज नसते, करमणुकीला असते. आणि युद्धाचा सराव जेव्हा चार भिंतींतल्या करमणुकीसाठी विकला जाऊ लागला, तेव्हाच हा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवला. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून खेळण्यातल्या शिशाच्या शिपायांना नियम दिले. चार्ल्स रॉबर्ट्‌सचा 'टॅक्टिक्स' १९५४ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. विकत घेणाऱ्या दोघांपैकी एकाने आधीच हरलेले असावे, हे बाजारात चालत नाही.

संगणकाने पंचाची जागा घेतली. 'स्टील पँथर्स' (१९९५), 'क्लोज कॉम्बॅट' (१९९६), 'कॉम्बॅट मिशन' (२०००) अशा खेळांत गोळ्याचा वेग, चिलखताची जाडी, पत्र्याचा कल, झाडाआडून दिसण्याची शक्यता, हे सारे यंत्र क्षणार्धात मोजते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर रणगाड्याच्या पुढच्या पत्र्याची जाडी १०० मिलिमीटर होती, हे या खेळांच्या खेळाडूला पाठ असते. रोलाँ बार्थने वास्तववादी गद्यातल्या निरुपयोगी तपशिलांविषयी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली होती : कथानकाला ज्याची गरज नाही असा तपशील 'मीच वास्तव आहे' एवढेच सांगण्यासाठी तिथे ठेवलेला असतो. युद्धखेळातल्या रणगाड्यावरच्या रिबिटी हेच सांगतात. मात्र चिलखताची जाडी निरुपयोगी नाही. तिच्यावर डावाचा निकाल ठरतो. म्हणून या खेळांतला वास्तववाद बार्थच्या चौकटीत पुरता मावत नाही. इथे तपशील हा निर्देशही असतो आणि कारणही.

मग टायगरसमोर साधा शेर्मन रणगाडा आला की समतोलाचे काय? त्यावर या परंपरेने शोधलेला उपाय साधा आणि व्यापारी आहे. प्रत्येक पथकाला किंमत. टायगर महाग, शेर्मन स्वस्त. दोन्ही खेळाडूंना सारखेच गुण खर्चायला द्यायचे. वास्तव शाबूत राहते आणि न्यायही होतो, असे वरवर वाटते. पण रणभूमीवर कोणत्याही सेनापतीला शत्रूइतकेच पैसे देऊन पाठवलेले नसते. समतोल पत्र्याच्या जाडीतून काढून किमतीच्या तक्त्यात नेऊन ठेवला, एवढेच झाले. आणि त्या तक्त्यात माणसाची किंमत लिहिली गेली, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या तक्त्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

तपशिलाच्या वास्तवापलीकडे जाण्याचा एक प्रामाणिक प्रयत्नही या खेळांनी केला आहे, तो नोंदवला पाहिजे. 'क्लोज कॉम्बॅट'मधला शिपाई खेळाडूची आज्ञा पाळेलच असे नाही. तो घाबरतो, जमिनीला चिकटून राहतो, पळून जातो. 'कॉम्बॅट मिशन'मध्ये दोघेही आपापले हुकूम आधी देऊन ठेवतात आणि मग एक मिनिटभर काहीही बदलता येत नाही. जे होते ते बघत बसावे लागते. त्या एका मिनिटात खेळाडूला कर्तेपणाची मर्यादा जितकी कळते, तितकी ती रणगाड्यांच्या शंभर कोष्टकांतून कळत नसावी. वास्तवाची ही जात वेगळी आहे. ती दिसण्यात नसून हातातून निसटण्यात आहे, आणि माझ्या मते हीच श्रेष्ठ.

आता आपल्याकडे वळू. २००९ साली इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेने 'एम्पायर : टोटल वॉर' हा खेळ काढला. १७०० ते १७९९ असा त्याचा काळ. युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान अशा तीन रंगभूमी. आणि खेळाडूला घेता येणाऱ्या सत्तांमध्ये 'मराठा कॉन्फेडरसी'. आपल्याकडच्या अनेक मुलांनी अठराव्या शतकाचा पहिला नकाशा इथे पाहिला, याचा मला अनुभव आहे. पण १७०० साली असे संघराज्य होते कुठे? त्या वर्षीच्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, एप्रिलमध्ये सातारचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला, ताराबाईंनी कारभार आपल्याकडे घेतला. राजधानी जिंजीहून परतलेली, खजिना नावापुरता, सरदार आपापल्या बळावर चहूकडे पसरलेले. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्या सत्तांचा जो समूह पुढे 'कॉन्फेडरसी' म्हणवला गेला, तो १७२० नंतरच्या दशकांत आकाराला आला. खेळाने त्याला शतकाच्या आरंभी आणून बसवले. त्याला राजधानी, खजिना, मंत्री, करांचे दर दिले. यात मराठ्यांची स्तुती करण्याचा हेतू नाही, निंदेचाही नाही. ब्रिटन किंवा प्रशिया यांच्यासमोर खेळता यायचे तर आधी त्यांच्यासारखे असावे लागते. १७०० च्या मराठ्यांचे सामर्थ्य सापडू नये यात होते, आणि जे सापडत नाही त्याला नकाशावर रंग देता येत नाही. गनिमी कावा म्हणजे समोरासमोरच्या डावातून बाहेर पडण्याची कला; खेळाचा संकेतव्यूह मात्र दोन फौजा एका मैदानावर आमनेसामने मांडूनच सुरू होतो. समतोलापोटी इथे जे खोटे झाले ते तपशिलात झालेले नाही, ते रूपबंधात झाले आहे. पगड्यांचे रंग बरोबर काढूनही ते दुरुस्त होणार नाही.

इतक्यावरून समतोल हा वास्तवाचा शत्रूच ठरतो काय? मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण आपल्याच सौंदर्यविचारात आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली, तेव्हा समतोलाला संवादापासून वेगळे काढले, हे महत्त्वाचे. सारख्याला सारखे मिळणे हा संवाद झाला. समतोलात भिन्न जातीचे घटक एकमेकांचे वजन पेलतात. मर्ढेकर बोलत होते ते कलाकृतीच्या घाटाविषयी. त्यांचे तत्त्व मी खेळाकडे ओढतो आहे याची मला जाणीव आहे. पण बुद्धिबळाला आणि 'टोटल वॉर'ला आपण समतोल म्हणतो, तेव्हा वस्तुतः त्यांच्यातला संवाद आपल्याला अभिप्रेत असतो, हा भेद या ओढाताणीमुळे स्पष्ट होतो. खऱ्या समतोलाचे उदाहरण म्हणून वाघबकरीचा पट घ्यावा. वाघ मोजके, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून खातो. बकरीला खाता येत नाही. वाघाने बकऱ्या मारल्या तर तो जिंकतो. बकऱ्यांनी त्याची हालचाल कोंडली तर त्या जिंकतात. दोन्ही बाजूंचे बळ वेगळे आणि जिंकण्याचा अर्थही वेगळा. शाळेची पायरी न चढलेल्या आपल्या पूर्वजांनी दगडावर खडूच्या चार रेघा ओढून विषमांचा समतोल साधला होता. संगणकावरच्या खेळांना तिथे पोचायला बरीच वर्षे लागली.

म्हणजे समतोलाचे मर्म बळाच्या वाटणीत नसते, जयाच्या अटीत असते. पावनखिंड हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मंडळी उभी राहिली, तेव्हा सिद्दी मसूदच्या फौजेचा पराभव करणे हे त्यांचे कामच नव्हते. विशाळगडावरून तोफेचा आवाज येईपर्यंत खिंड धरायची, एवढेच. बळाच्या हिशेबात ही लढाई हरलेली होती. अर्थाच्या हिशेबात ती जिंकली गेली. डावपेची खेळात ती रचायची तर नियम दोन ओळींत लिहिता येतो : दुर्बळ बाजूने अमुक इतक्या फेऱ्या वाट अडवून धरली तर विजय तिचा. खेळ एकदम समतोल होतो आणि एकदम खराही. चांगल्या कथानकाचीही हीच रीत असते. शेवट काय झाला याला महत्त्व त्या पात्राने काय करायचे ठरवले होते यावरूनच येते.

पण याच नियमात एक बोचणारी गोष्ट लपलेली आहे. खिंड धरणे हेच गुणांचे काम असेल, तर धरणारी माणसे खर्चायलाच असतात. खेळाडू बाजीप्रभूंना अधिक सहजतेने मरू देतो, कारण नियमाने त्यांच्या मृत्यूला किंमत दिलेली नसते किंवा कमी दिलेली असते. आणि त्याच रात्री पालखीत बसून शत्रूला चकवणारा शिवा काशीद? तक्त्यात त्याची किंमत कोणती लिहावी? मराठी मनाने या दोघांना कृतज्ञतेच्या खात्यात ठेवले आहे. खेळात ते खाते नसते. जयाची अट ही नैतिक निवाडा असते, आणि खेळ रचणारा तो निवाडा नियमाच्या भाषेत, म्हणजे चर्चेला जागा न ठेवता देतो, असे मला म्हणायचे आहे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. नवी मुंबईतल्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तिथे काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात एक विद्यार्थी होता. कोपरखैरण्याच्या जुन्या गावठाणातला, आगरी घरातला, मराठीकडे येण्याआधी संगणकाची पदविका घेतलेला. विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) ही कादंबरी त्याला अभ्यासाला होती. त्याने स्वतःच एक छोटा युद्धखेळ लिहिला आणि त्यात १४ जानेवारी १७६१ चा दिवस मांडला. पहिला आराखडा त्याने शक्य तितका इतिहासाबरहुकूम केला. अब्दालीकडे उंटांवरची जंबुरके. मराठ्यांकडे इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी आणि तोफा. अडीच महिने कोंडी सोसलेली, दाणावैरणीवाचून खंगलेली घोडी. आणि गोलाच्या मध्यभागी एक प्रचंड, नि:शस्त्र, संथ जमाव : बायका, मुले, यात्रेकरू, भट, बाजारकरी, नोकरचाकर. बखरींच्या भाषेत बुणगे. भाऊसाहेबांचा गोल लढाई मारण्याइतकाच या जमावाला सांभाळून वाट काढण्यासाठी होता, हे त्याने बारकाईने वाचले होते.

हा खेळ कोणी खेळेना. मराठ्यांची बाजू घेणारा दुपारच्या आधी हरे. मित्र कंटाळले. महिन्याभराने तो दुसरी आवृत्ती घेऊन आला. घोड्यांचा दम वाढवला होता आणि मधला जमाव काढून टाकला होता. आता निकाल निम्मे-निम्मे लागत होते. तो समाधानाने म्हणाला, "सर, आता खेळ बरोबर झाला."

त्या शब्दावर मी अडलो, आणि अजूनही थोडा अडलेलाच आहे. 'बरोबर' हा फारसीतून आलेला शब्द. छातीस छाती भिडलेली, एका पातळीवर असलेली अशी त्याची मूळ कल्पना. मराठीत त्याने तीन अर्थ धरले. गणित बरोबर येते, म्हणजे ते यथार्थ असते. सामना बरोबरीत सुटतो, म्हणजे तो तुल्य असतो. आणि कोणीतरी आपल्याबरोबर येते, म्हणजे सोबत असते. युद्धखेळांची सारी चर्चा पहिल्या दोन अर्थांमध्ये चाललेली असते : वास्तव की समतोल? त्या मुलाने दुसरा अर्थ साधण्यासाठी तिसऱ्याला काढून टाकले होते. फौजेबरोबरची माणसे गेली आणि खेळ बरोबर झाला.

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण भाषेने हे काम त्याच्या कितीतरी आधी करून ठेवले आहे. 'बाजारबुणगे' ही आज मराठीत शिवी आहे. ज्यांच्या रक्षणासाठी गोल रचला गेला, त्यांचे नाव आपण फालतू गर्दीसाठी वापरतो. कथांनीही फार वेगळे केलेले नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचा फाटा एका गोळीपाशी फुटतो : विश्वासरावांना ती लागली की चुकली. कथेचा विचार वेगळाच आहे आणि तो तिने उत्तम साधला आहे. कारणाचा एक बिंदू धरल्यावाचून ती कथा उभीच राहिली नसती. 'टोटल वॉर'सारख्या खेळांतही सेनापती पडला की फौजेचे धैर्य खचते, असा नियमच असतो. धनी पडला, फौज फुटली. ही गोळी खेळात मावते, भूक मावत नाही. कुंजपुऱ्याचा विजय, बागपतला यमुना उतरून आलेला अब्दाली, गोविंदपंत बुंदेल्यांच्या मृत्यूनंतर आटलेली रसद, ही लांबलचक कारणमाला त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या इतिहासकाराच्या ग्रंथात मावते. सकाळी मांडून संध्याकाळी मोडायच्या डावात ती 'घोड्यांचा दम : कमी' एवढ्या एका आकड्यात गोळा होते, आणि समतोलासाठी तोच आकडा सर्वांत आधी बदलला जातो.

पानिपतच्या हानीचे दोन हिशेब मराठीने जपून ठेवले आहेत. एक, पेशव्यांना पोचलेला म्हणून परंपरेने सांगितला जाणारा सावकारी सांकेतिक निरोप. त्यात गेलेले दोन मोठे जीव मोत्यांच्या भाषेत सांगितले आहेत, सरदार मोहरांच्या, आणि बाकीचे अगणित लोक खुर्द्याच्या. मी हा निरोप वर्गात अनेकदा शिकवला होता. पण युद्धखेळांतला किमतीचा तक्ता पाहिल्यावर तो पहिल्यांदाच नीट वाचता आला. तोच तक्ता. फरक एवढाच की निरोप लिहिणाऱ्याने खुर्दा मोजता येत नाही हे कबूल केले. यंत्राला ते कबूल करता येत नाही. दुसरा हिशेब बायकांच्या तोंडचा : लाख बांगडी फुटली. इथे मोजले जाते ते मागे उरलेल्यांकडून. मेलेला शिपाई मोती होता की खुर्दा याची बांगडीला पर्वा नाही. प्रत्येक घरी ती सारखीच फुटते. समतोल या शब्दाला जर काही नैतिक अर्थ असेल तर तो या दुसऱ्या हिशेबात आहे, असे मला त्या वेळी वाटले, आणि मी त्या मुलाला ते सांगितलेही.

शिक्षकाच्या उत्साहाने मी त्याला सुचवले की जमाव परत आण, आणि जयाची अटच बदल. मराठ्यांनी अब्दालीचा पराभव करायचा नाही. जितकी नि:शस्त्र माणसे दक्षिणेच्या वाटेला लागतील तितके गुण. वाघबकरीचाच न्याय. त्याने तिसरी आवृत्ती केली. खेळ चुरशीचा झाला, इतिहासाच्या जवळ आला, दोन्ही बाजूंना खेळावासा वाटू लागला. मला माझ्या सिद्धान्ताचा अभिमान वाटला. तो आठवडाभर टिकला.

झाले असे की मित्रांपैकी एका हुशार खेळाडूच्या लक्षात आले : शत्रूची स्वारपथके लुटीसाठी जमावावर तुटून पडतात आणि तेवढा वेळ लढाईतून बाद होतात. मग त्याने जमावाचा एक चतुर्थांश भाग मुद्दाम गोलाबाहेर सोडला. तो कापला जाईपर्यंत उरलेले तीन भाग सुखरूप निघून गेले. गुण भरपूर मिळाले. दोनच दिवसांत सगळे तसेच खेळू लागले. नियमात काही चूक नव्हती. माणसे वाचवण्याला गुण दिले होते, म्हणून माणसे गुण झाली. आणि गुण गुंतवता येतात. मी ज्याला बांगडीचा हिशेब समजत होतो, तो यंत्रात शिरताच खुर्दा झाला होता.

यावर कोणी म्हणेल, खऱ्या युद्धातही सेनापती असाच हिशेब करतात. मग खेळ वास्तवच दाखवत नाही काय? आक्षेप दुबळा नाही. कदाचित दाखवतही असेल, आणि हेच या प्रकाराचे गंभीर कार्य असेल : सभ्य घरातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला, कोणी न सांगता, आपल्या हातून बुणग्यांचा चौथा हिस्सा पुढे टाकला गेल्याचे दिसणे. कादंबरी आपल्याला भाऊसाहेबांच्या मनात नेते, पण त्यांच्या निर्णयाची जबाबदारी आपल्यावर टाकत नाही. खेळ टाकतो. फक्त त्यासाठी खेळाडूला ते दिसावे लागते; आणि समतोल साधलेला, चुरशीचा, रंगतदार डाव हेच नेमके दिसू देत नाही. खेळ जितका चांगला, तितका त्यातला माणूस पारदर्शक. या अडचणीतून सुटणारी वाट मला सापडलेली नाही. शिपायाला आज्ञा नाकारू देणाऱ्या खेळांचे मी वर कौतुक केले, त्याच दिशेने कुठेतरी ती असावी : जमावालाही नकार देता यावा, पार्वतीबाईंनी पालखी थांबवावी, कोणी म्हणावे की आम्ही बाहेर जाणार नाही. पण मग तो नकारही एक नियम होईल आणि हुशार खेळाडू त्याचाही उपयोग शोधील.

मी ज्या शहरात राहतो ते आधी नकाशावर वसले. १९७० साली सिडको स्थापन झाली. वाशी, नेरूळ, बेलापूर ही उपनगरे रस्ते, चौरस आणि क्रमांक यांच्या रूपाने कागदावर उतरली. आणि त्यासाठी ज्या ९५ गावांची जमीन घेतली गेली त्यांत या मुलाचेही गाव होते. एकदा वर्गानंतर तो सहज म्हणाला, "आमच्या आजोबांकडं तो जुना नकाशा आहे, सर. त्यात खाडी आहे, मिठागरं आहेत, सगळं आहे. घरांच्या जागी नुसती तिरकी रेघाटी." तो तक्रार करत नव्हता. आपल्या खेळातल्या जमावाला कोणते चिन्ह द्यावे हा त्याच्यापुढचा प्रश्न होता, आणि अखेर त्याने तिरकी रेघाटीच दिली.

चौथ्या आवृत्तीत त्याने जमावाचे गुण काढून टाकले. माणसे होती, ती मरत किंवा निसटत, जयापजयाशी त्यांचा संबंध नव्हता. डाव संपल्यावर पडद्यावर निकाल येई आणि त्याखाली एक ओळ : किती नि:शस्त्र माणसे मारली गेली, किती बंदी झाली. ही ओळ बहुतेक जण न वाचताच पुढची कळ दाबत, असे त्याने हसत सांगितले. मग जरा थांबून त्याने विचारले, "पण सर, मुळात त्या दिवशी बुणगे किती होते? सुरुवातीचा आकडा टाकावा लागतो."

मी त्याला जे माहीत होते ते सांगितले. बखरी वेगळे सांगतात, कैफियती वेगळे, इतिहासकारांची अनुमाने आणखी वेगळी. फौजेच्या आकड्यांवरही एकमत नाही. या लोकांची तर गणती करायची असते असे तेव्हा कोणाला वाटलेच नव्हते. एक आकडा निश्चित म्हणून घालू नये, ती जागा रिकामी ठेवावी, असा सल्ला मी दिला.

"ठेवून पाहिली," तो म्हणाला. "रिकामी ठेवली की यंत्र शून्य धरतं."